नळाच्या पाण्याने उकडलेले नेचे

इथे आखातात, सलवामध्ये, आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघरामागे, दोन इमारतींच्या मध्ये, फरशीची एक अरुंद पट्टी आहे. तिथे ऊन कधी पोचतच नाही. आईने तिथे नेचे वाढवलेत, तिच्या माहेरच्या विहिरीच्या कडेवरून ओल्या रुमालात आणलेल्या एका मुळापासून. ती विहीर आता बुजवलीय. शाळेत मी फर्न म्हणायला शिकले, पण हे नेचेच. बारा महिने हिरवे.

जूनमध्ये मावशी आजारी पडली आणि आई कुडाळला गेली. जाताना म्हणाली, "एसीच्या पाइपखाली बादली आहे, तिचंच पाणी घाल."

ऑफिसहून आले की माझ्यात बोलायचं त्राण नसायचं. बादली उचलून कुंड्यांपाशी जायचे. तिथे कोणी काही विचारत नसे.

बाबा नोकरी सुटल्यापासून घरीच होते. एकदा भर दुपारी त्यांनी नळाला पाइप लावून कुंड्या भिजवल्या. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटके देतं. आम्ही अंघोळीला बंद गिझरमधलं पाणी घेतो, तेच काय ते गार. बाबाही रोज तेच घेतात. तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी पानं उकडलेल्या अळूसारखी लोळत होती.

"बादली रिकामी होती गं," बाबा म्हणाले. "म्हटलं, तू दमून येतेस, तेवढं तरी मी करावं."

मी पाइप गुंडाळून ठेवला.

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "नेचे दाखव बघू."

मी फोन तसाच धरून उभी राहिले. बाबांनी तो माझ्या हातून घेतला. "अगं, मी उकडले ते."

"मीठ घातलंत का?" आई हसली. मग ती फोनच्या जवळ आली. "मुळं बघितलीत?"

"नाही."

"मग आधी ती बघा. दोघं आहात ना तिथं?"

आम्ही कुंड्या उपसल्या. बहुतेक मुळं हाताला बुळबुळीत लागली. एका कुंडीत मधला गड्डा टणक होता. बाबांनी बेडरूमच्या एसीखालीही बादली ठेवली. त्यानंतर पाणी बाबाच घालत. मी नुसती दारात उभी असायचे.

आई आली तोवर त्या कुंडीत करंगळीएवढी दोन पानं आली होती. ती वाकून बघत राहिली. बाबांनी बादली तिच्यापुढे केली.

"मला कशाला?" आई म्हणाली. "घाला तुम्हीच."