कूलरची दिशा

आमचे शेजारी स्कूटर तीसच्या वर नेत नाहीत. इंजिनाला त्रास होतो म्हणतात. पण नवा मदरबोर्ड घेतल्यापासून कॉम्प्युटर मात्र त्यांना कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या पुढे पळवायचा असतो. "कंपनी भित्री असती. आपण रेटायचं की."

वेग वाढवला की तो तापतो, म्हणून मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर त्यांनी कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटकडे वळवला. वाऱ्यासाठी वहिनीही तिथेच शेंगा फोडत बसू लागल्या.

मग कॉम्प्युटर सारखा बंद पडू लागला. शेजाऱ्यांनी रॅम, बोर्डावरचा सेल, वायरी काढून परत घातल्या, "बोल की बाबा" म्हणत बोर्डाची मनधरणी केली, विजेला शिव्या दिल्या. काल मी टॉर्च धरून उभा होतो, तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यात शेंगेचं टरफल अडकलेलं दिसलं. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं, टरफल गुपचूप खिशात टाकलं आणि कूलर वहिनींच्या बाजूला फिरवला.

"व्होल्टेज लई चढत हुतं," ते मला म्हणाले. "आता कंपनीच्या वेगावरच ठेवतो."

वहिनींनी मान वर केली नाही. "खिशातलं टरफल काढून ठेवा," त्या म्हणाल्या. "शर्ट धुवायचा हाय."