अकोल्याला पाठवलेला बर्फ

आमच्या अमरावतीत मे महिन्यात काहीच टिकत नाही. दूध नासतं, भाजी सुकते, माणूस चिडतो. किस्से तेवढे टिकतात, आणि माझ्याकडे दुपारी गल्लीतली चार-पाच पोरं असतात, त्यामुळे त्यांची ददात नाही.

मी रिटायर्ड बालवाडीबाई. उन्हात पोरांना बाहेर सोडता येत नाही आणि मोबाईल मी देत नाही. शेवटी सूनबाईनं मोबाईलवरच बघून उपाय सांगितला. वाटीत पाणी भरायचं, प्लास्टिकचा प्राणी टाकायचा, फ्रीजरमध्ये गोठवायचा. मग पोरांनी मीठ अन् चमचा घेऊन त्याला सोडवायचं. म्हणे, मुलं तासभर रमतात!

पहिल्या दिवशी मी वाट्या ओसरीत मांडल्या आणि चमचे आणायला आत गेले. चमचे सापडेपर्यंत पोरांतली सवी ओरडली, "आजी, वाघ सोताच निंगाला!"

पुढची पन्नास मिनिटं काय करायचं, ते मोबाईलवर नव्हतं.

मग रंगीत बर्फ केला. बीट, हळद, पालक. कागदावर घासायचा, चित्र उमटतं. शेजारचे वामनराव थंड पाणी मागायला आले आणि फ्रीज स्वतःच उघडून हळदीचे दोन खडे ग्लासात टाकून प्यायले. मी म्हटलं, "अहो, तो पोरांचा रंग आहे!"

"मले वाटलं तुमचं सरबतच असं असते," ते म्हणाले. माझ्या सरबताबद्दल गल्लीचं काय मत आहे, ते मला तेव्हा कळलं.

मिठानं बर्फ लवकर वितळतो, हे माझं वाक्य सवीच्या डोक्यात पक्कं बसलं. घरी तिचे आबा कूलरसमोर पाय ताणून झोपले होते. हलत नव्हते. सवीनं मिठाची बरणी त्यांच्या पायावर रिकामी केली.

आबा दचकून उठले. "काय करून राहिली वं?"

"तुमी गोठले होते ना!"

पोरांतल्या ओजसचं मात्र वेगळं होतं. वय वर्षं चार. बाप अकोल्याला दालमिलमध्ये, दर रविवारी घरी येतो. त्या रविवारी कामामुळे आला नाही. ओजसनं स्वतः गोठवलेला हत्ती बाबाला दाखवायचा म्हणून राखून ठेवला होता. सोमवारी तो कोणालाच हात लावू देईना. रडला नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

"बाबाले पाठव," एवढंच तो म्हणत होता.

गल्लीतले सुधाकरभाऊ अकोल्याच्या एसटीवर कंडक्टर आहेत. हत्तीचा बर्फ स्टीलच्या डब्यात घातला, वर ओलं गोणपाट. सुधाकरभाऊंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. "हत्तीचं हाफ तिकीट लागंन," म्हणाले. बर्फ इथल्या जवळच्या बडनेऱ्यापर्यंतही जाणार नाही, हे तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी हत्तीला टाटा केला.

संध्याकाळी बापाचा फोन आला. स्पीकरवर.

"बाबा, भेटला का बर्फ?"

पलीकडून लगेच, "भेटला ना बेटा! जसाच्या तसा. हत्ती आतच हाय."

माझे डोळे भरून आले. ओजसचे नाही.

"मंग वापस पाठवा. तो आजीचा हत्ती हाय."

दुसऱ्या दिवशी सुधाकरभाऊ घामाघूम होऊन डबा घेऊन दारात आले. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बाई, याच्या बापानं मिलच्या मालकाच्या फ्रीजात गोठवून आणला होता. माह्या हातात देला तवा दगड होता."

ओजसनं झाकण काढलं. कोमट पाणी, त्यात आडवा पडलेला हत्ती. समजूत घालायला मी चार वाक्यं तयार ठेवली होती.

त्यानं बोटानं पाणी ढवळून बघितलं. मग म्हणाला, "फोन लाव."

लावला.

"बाबा, इकडून गेला तवा वितळला नाई. तिकडून येता येता पाणी झालं. तुमी इकडंच या, अकोल्यात ऊन लय हाय!"