दळण, शिट्टी आणि एक लाकडी बैल

नागपूरच्या दक्षिण टोकाला बेसा नावाची वस्ती आहे. तिथल्या माझ्या लेकीच्या घरापासून पिठाची चक्की पायी दहा मिनिटांवर आहे, असं मला सांगण्यात आलं होतं. सांगणारे दीड वर्षाच्या मुलीला घेऊन कधी चक्कीवर गेले नसावेत. मी कन्याकुमारीला जाऊन आलो आहे, हिमालयात धापा टाकून आलो आहे. पण त्या दुपारइतका लांबचा प्रवास माझ्या खाती दुसरा नाही.

निघण्याचं कारण गंभीर होतं. माझी लेक मृणाल नात झाल्यापासून घरीच होती. त्या दिवशी दुपारी तिची नोकरीसाठी मुलाखत होती, लॅपटॉपवर, घरातूनच. घर दोन खोल्यांचं, आणि जावई उमरेडच्या कोळसा खाणीत ड्युटीवर. मागची एक मुलाखत अशीच चालू असताना ओवीनं, म्हणजे आमच्या नातीनं, दाराआडून असा टाहो फोडला की मुलाखत घेणाऱ्या बाईंनी "तुम्ही आधी बाळाकडे बघा" म्हणून बोलणं आवरतं घेतलं. ते पुन्हा सुरू झालंच नाही. म्हणून या वेळी मी मुद्दाम पुण्याहून आलो होतो.

"बाबा, माझा फोन येईपर्यंत घरी यायचं नाही," मृणाल म्हणाली.

"निश्चिंत राहा. मी आखणी केली आहे," मी म्हणालो. सकाळी टाकलेलं दळण आणायचं, भांड्यांच्या दुकानातून कुकरची शिट्टी घ्यायची आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. आखणी झाली की अर्धं काम झालं, असं आम्हा पुणेकरांना वाटतं.

फाटकापाशीच पहिला मुक्काम पडला. तळमजल्यावरच्या शेवंताबाई पायरीवर बसल्या होत्या. त्या मूळच्या पारशिवनीकडच्या.

"काकाजी, पोरीले खाली हातानं काहून नेऊन राहिले?" (खाली म्हणजे रिकाम्या, काहून म्हणजे का.) "थांबा जरा."

त्या आत जाऊन एक लाकडी बैल घेऊन आल्या. वीतभर उंच, पायांखाली चाकं, नाकात सुतळी, शिंगांना बेगड. "माह्या नातवाचा आहे. तो मोठा झाला आता. आज बैलाशिवाय निघतात का कोणी?"

मी आभार मानले. बाई बोलक्या आहेत, आणि पोरीला खेळणं मिळालं, एवढाच मी अर्थ काढला.

आता मोहीम नीट सुरू झाली. ओवी दोन पावलं चालायची, बैल कलंडायचा. ती उकिडवी बसून त्याला उभा करायची, त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायची आणि पुन्हा सुतळी धरायची. वाटेत एक डबकं लागलं, त्यात बैलाला पाणी पाजलं. एक शेळी लागली, तिची आणि बैलाची ओळख करून दिली. ऊन दमट होतं, माझा सदरा पाठीला चिकटला होता. पण पोरगी रडत नव्हती. मी कडेवर घेऊ पाहिलं की ती पाय ताठ करायची, म्हणून मीही तिच्या चालीनं चालायला शिकलो.

चक्कीवाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला होता. त्यानं आधी बैलाकडे पाहिलं, मग बोट पिठात बुडवून बैलाच्या कपाळावर टेकवलं आणि ओवीच्या हातात गुळाचा खडा ठेवला.

"गुळाचे किती झाले?" मी विचारलं. तो हसला आणि पिठाची पिशवी माझ्या खांद्यावर चढवायला आला. पिशवीचं तोंड जरा सैल होतं, हे मला पुढे कळलं.

भांड्यांच्या दुकानात शिट्टी मिळाली. मालकीणबाईंनी ओवीला केळं सोलून दिलं. मी केळ्याचे पैसे काउंटरवर ठेवले, त्यांनी ते परत सरकवले. "राहू द्या जी." मी पुन्हा ठेवले. फुकट घ्यायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. त्यांचा चेहरा उतरला, पण मी काही उमगून घेतलं नाही.

औषधांच्या दुकानात तर मालकानं बिस्किटांचा अख्खा पुडा ओवीपुढे धरला. मी पाकीट काढलं तसा तो गंभीर झाला.

"काकाजी, बोजाऱ्याचे पैसे घेत नसतात."

"कशाचे?"

"तुम्ही इकडचे नाही वाटते. काल पोळा झाला, खऱ्या बैलाचा. आज तान्हा पोळा, पोरायचा. पोरं लाकडाचा बैल घेऊन दारोदार येतात. ज्याच्या दारात बैल आला त्यानं खाऊ द्यायचा, नाही तर पैसे. त्याले बोजारा म्हणतात. दारात आलेल्या बैलाले कोणी रिकामं पाठवत नाही जी."

मी ओशाळलो. सणाचा बैल तीन दारी नेऊन मी तिन्ही ठिकाणी हिशेब मागत बसलो होतो. परतताना भांड्यांच्या दुकानाशी थांबून बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या, पोरगी खुश आहे न?" आणि आणखी एक केळं दिलं.

घराच्या जवळच्या वळणावर बैलाचं चाक निखळलं आणि थेट गटारात गेलं. ओवी रस्त्यावर बसली. आधी ओठ काढले, मग "आई" म्हणून सूर लावला. फोन अजून आला नव्हता. खांद्यावर पीठ, पुढ्यात आकांत. मला खरोखर भीती वाटली. हा सूर वरच्या मजल्यापर्यंत पोचला की लेकीची दुसरी संधीही गेली.

तेवढ्यात गल्लीतली पोरं आपापले बैल ओढत आली. ओवीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. पुढच्या मुलीनं आमचा बैल पाहिला. "चाक गेलं? चालते न, काकाजी. काखेत घ्या अन् चला."

मी बैल काखेत घेतला आणि चाललो. एक घर झालं, दुसरं झालं. ओवी हात पुढे करायला शिकली. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं, की आम्ही आमच्याच जिन्यावर आहोत.

"त्या घरी नको," मी घाईनं म्हणालो.

"काहून? आज कोणतं घर सोडत नसतात."

माझे दोन्ही हात अडकलेले. ओवीनं दार ओळखलं आणि दोन्ही तळव्यांनी बडवायला सुरुवात केली.

दार उघडलं. मृणाल उघडा लॅपटॉप हातांवर धरून उभी होती. सगळं संपलं, असं माझ्या मनात आलं. तिनं मात्र पडदा आमच्याकडे वळवला.

"मॅडम, तुम्ही आत्ताच विचारलंत ना, मुलीला कोण सांभाळणार? हे माझे बाबा."

पडद्याच्या कोपऱ्यात मला मी दिसलो. केस पिठानं पांढरे, काखेत तीन चाकांचा बैल, पायाशी नात. पडद्यावरच्या बाई क्षणभर पाहत राहिल्या आणि मोठ्यानं हसल्या.

"आणि बाकीची मुलं?"

"त्यांना बोजारा द्यायचा आहे. एक मिनिट थांबाल?"

बाई थांबल्या. मृणालनं घरातला होता नव्हता तो खाऊ वाटला. दार लागता लागता मी ऐकलं, त्या विचारत होत्या, "कधीपासून रुजू होऊ शकाल?"

मी जिन्यातच टेकलो. माझं रविवारचं परतीचं तिकीट खिशात होतं. मुलीला कोण सांभाळणार, याचं उत्तर मृणालनं मला न विचारताच देऊन टाकलं होतं. मला राग यायला हवा होता. इतकं बरं मला निवृत्तीनंतर कधी वाटलं नव्हतं.

ओवी समोर येऊन उभी राहिली. तिनं पुड्यातलं एक बिस्किट काढलं, आधी स्वतः चाटून पाहिलं आणि मग माझ्या तळहातावर ठेवलं. मी त्याचे पैसे विचारले नाहीत. बिस्किट खाल्लं, आणि तिकीट रद्द केलं.