वाघ, शेळी आणि धाकटे काका

कोड्यांचा नाद मला फार जुना. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक सकाळी फुलं टाकतात, मी कोडं टाकतो. उत्तर कुणी देत नाही. मग संध्याकाळी मीच उत्तर देतो आणि मीच स्वतःला शाबासकीही देतो. त्यातलं वाघ, शेळी आणि गवताचं कोडं माझं विशेष लाडकं. नावेत नावाड्याशिवाय एकालाच जागा. शेळीला वाघापाशी सोडलं तर तो तिला खाणार, गवतापाशी सोडलं तर ती गवत खाणार. तर आधी शेळी पलीकडे न्यायची, मग गवत न्यायचं आणि येताना शेळीला परत आणायचं. ह्या ‘परत आणायचं’वर मी जन्मभर खूश होतो. मुलीच्या सुपारीच्या दिवसापर्यंत.

लग्न पक्कं करायची ही सुपारी धर्मापुरीला, मुलाच्या घरी होती. अंबाजोगाईहून मंडळी जीपमध्ये आणि मी मागून मोटारसायकलवर, असे निघालो. गाव थोडंच राहिलं असताना जीप पंक्चर झाली. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. तेवढ्यात एक रिक्षा आली, तिच्यात बायको, मुलगी आणि बाकीच्या बायका दाटीवाटीनं बसून पुढे गेल्या. ड्रायव्हर चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे गेला. रस्त्यावर उरले थोरले काका, धाकटे काका आणि माझे मामा.

धाकट्या काकांचं थोरल्यांशी शेताच्या बांधावरून वाकडं. किती वर्षं झाली, बोलणंच नाही. मामांशी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून. मागच्या एका लग्नात ह्यांची जुंपली तेव्हा वऱ्हाड अक्षता मुठीत धरून ताटकळलं होतं. आणि ही सोयरीक जमवलेली धाकट्या काकांनीच. मुलाचे वडील त्यांचे जिवलग. काका रुसले तर सुपारी फुटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिघांकडे पाहिलं, मोटारसायकलकडे पाहिलं आणि अंगावर काटाच आला. अरे, हे तर आपलं कोडं!

पहिल्यांदा धाकट्या काकांना पोचवलं. मग थोरल्यांना घेऊन आलो, तर धाकटे गादीवर बसलेले, डोक्यावर मानाची टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात चहा.

“काका, उठा. परत जायचंय.”

“परत? कावून?”

“मागनं सांगतो. बसा गाडीवर.”

मुलाचे वडील धावत आले. “काय झालं पाव्हणं? आमचं काय चुकलं का?”

“छे छे,” मी म्हणालो, “सगळं नियमाप्रमाणं चाललंय.”

बायकोनं दारातून माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन करायला मला शब्दांची नाही, धाडसाची गरज आहे.

काकांना जीपपाशी उतरवलं आणि मामांना नेलं. शेवटच्या खेपेला परतलो तर धाकटे काका जीपजवळच्या पुलाच्या कठड्यावर माझ्याकडे पाठ करून बसलेले. टोपी काढून बाजूला ठेवलेली.

“म्या येत न्हाई. गावाकडची गाडी आली की चाललो.”

“अहो काका, तुमच्याशिवाय सुपारी फुटंल का?”

“मंग मला उठिवलं कुणी? थोरला आला अन् मला उठिवलं. त्यानंच सांगितलं ना? खरं बोल बे!”

आता कोडं सांगण्यावाचून इलाज नव्हता. नाव, नदी, वाघ, शेळी, सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“वाघ कोण?”

“मामा.”

“त्यो? वाघ?” काका ताडकन उभे राहिले. “अन् म्या?”

मी मोटारसायकलचा आरसा पुसू लागलो.

“शेळी,” मी म्हणालो. “पण काका, सगळं कोडं शेळीवरच असतं. लई महत्त्वाची असती ती.”

काका टोपी उचलून अंबाजोगाईच्या दिशेनं चालू लागले. मुलीची सुपारी माझ्या डोळ्यांदेखत गावाकडं निघाली. चार पावलं गेल्यावर ते थांबले.

“म्हंजे थोरला…”

“गवत.”

“गवत!” काकांनी मांडीवर थाप मारली. “अन् म्या त्याला खाणार व्हतो?”

“मी नसतो तर.”

“चल! गाडी चालू कर!”

वाटेत माझ्या पाठीमागं ते नुसते गदगदत होते. उतरल्या उतरल्या त्यांनी भर बैठकीत सगळं सांगून टाकलं. मुलाकडची माणसं हसली, मामा मिशीवरून हात फिरवू लागले. थोरले काका मात्र गंभीर. गवत झालेला माणूस आता काय करतो ह्या धास्तीनं मी मुलीकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

थोरले काका सरळ धाकट्याकडे वळले. “काय रे, माझं अन् मामाचं तर काय भांडण न्हाई. ह्यानं आमा दोघांला ट्रिपल शीट आणलं असतं, मंग तुला. परत न्यायची गरजच काय व्हती?”

“तेच म्हणतो म्या,” धाकटे म्हणाले. “आपल्याकडं गाडीवर तिघं बसत न्हाईत व्हय?”

“ह्याला गणितात पास कुणी केलं?”

“मास्तर घाईत असंल.”

इतक्या वर्षांनी भाऊ भावाशी बोलत होता आणि विषय मी होतो. मुलाच्या वडिलांनी सुपारी पुढे केली, दोघा काकांनी मिळून तिला हात लावला, सुपारी फुटली. मी ‘पण नावेत एकालाच जागा असते’ एवढं सांगायला उठलो.

“खाली बस!” दोघे एकदमच म्हणाले.