चनमल्लप्पाच्या हाताचं मीठ

वळसंगच्या चनमल्लप्पा आचाऱ्यानं चाळीस वर्षं पंगती उठवल्या, पण स्वतःचा स्वयंपाक शिजताना एकदाही चाखून बघितला नाही. हे सांगितलं की नवी माणसं हसतात. पण जत्रा असो, बारसं असो, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही, हा त्याच्या बापाचा दंडक होता. मग मीठ कळायचं कसं? तर वाफेवरून. कढईवर वाकायचं, डोळे मिटून लांब श्वास ओढायचा आणि म्हणायचं, "अजून अर्धी मूठ." झालं. त्यात बदल नाही.

बार्शीला एकदा धान्याच्या एका व्यापाऱ्याकडं दीड हजार पान होतं. व्यापारी मोठा चिकित्सक. आमटी भुरकली आणि भर पंगतीत म्हणाला, "आचारी, मीठ कमी पडलंय." चनमल्लप्पा कढईपाशी गेला, वास घेतला आणि परत येऊन म्हणाला, "मीठ बरोबर हाय, मालक. तुमी सकाळधरनं पेढं खात बसलाय, त्येला आमटी काय करंल?" पंगत हसून हसून लोळली. ही गोष्ट चनमल्लप्पानं पुढं जन्मभर सांगितली, आणि दर खेपेला पानं शे-दोनशेनं वाढत गेली.

ती पहिल्यांदा ऐकली गंगव्वानं, त्याच्या बायकोनं. कार्य उरकून दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं तो घरी यायचा. हातात पंगतीतल्या जेवणाचा डबा. उंबऱ्यातच उभा राहून तिला घास घ्यायला लावायचा. "कसं झालंय?"

"छान."

एवढं ऐकलं की गडी पाय धुवायला जायचा.

आता दोघंही थकली. दोन वर्षांपूर्वी शिवपुत्रानं, त्यांच्या मुलानं, त्यांना सोलापुरात भवानी पेठेत आपल्याकडं आणलं. शिवपुत्र चादरीच्या कारखान्यात, सून ऋतुजा एका शाळेच्या ऑफिसात. श्रावणात गंगव्वाला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण डॉक्टरांनी बजावलं की काही दिवस पातळ आणि मऊच द्यायचं.

ऋतुजाला सकाळी सातला निघावं लागे, आणि गॅसपाशी सासऱ्याला एकटं सोडायला तिचा जीव धजत नव्हता. भट्टीपुढं जन्म गेलेला. त्याची बोटं भाजून भाजून इतकी मेली होती की निखारा धरला तरी त्याला कळत नसे. म्हणून तिनं माळ्यावरून बहिणीनं दिलेला, विजेवर मंद मंद शिजवणारा स्लो कुकर काढला.

"मामा, ह्यात बटाटे, लसूण, आलं आणि पाणी घालायचं. हे बटन दाबायचं. दुपारी एकला सगळं घोटायचं, थोडं दूध घालायचं, की सूप तयार. मीठ पाव चमचा. आणि मधे झाकण उघडायचं नाही."

"मग वास कसा घ्यायचा?"

"वास कशाला घ्यायचा?"

"म्हंजे? मीठ घालायचं कशाच्या आधारानं?"

"सांगितलं ना, पाव चमचा!"

"चमचा!" चनमल्लप्पानं हात जोडले. "पोरी, चमच्यानं औषध घेत्यात. जा, तुला उशीर हुईल."

तोंडानं थट्टा केली, पण मनातून म्हातारा फुलला होता. कारण आदल्या दिवशीच त्याच्या ध्यानात आलं होतं: गावोगावच्या लोकांना त्यानं ऊन ऊन वाढलं, पण बायकोला आपल्या हातचं ऊन अन्न कधीच वाढलं नव्हतं. ते एकदा वाढायचं होतं.

तो पाटावर कुकरशेजारी बसून राहिला. ना रटरट, ना वाफ. झाकणाला कान लावून बघितला. "बोलतच न्हाय गं हे मडकं," तो आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाला.

"तुमी बोलताय ते पुरे हाय की," गंगव्वा खाटेवरून म्हणाली.

एकला त्यानं बटाटे घोटले, दूध घातलं आणि चिमटीनं मीठ टाकलं. चिमूट बोटांना जाणवेना, म्हणून आणखी एक टाकली, आणि पुन्हा एक. वाटी भरून वाफेसकट तिच्यापुढं नेली.

"कसं झालंय?"

गंगव्वानं घोट घेतला. पदरानं ओठ पुसले. "छान."

दुपारी शेजारच्यांना बार्शीची गोष्ट पुन्हा ऐकावी लागली. आता पान तीन हजार झालं होतं.

असे सहा दिवस गेले. रोज दुपारी गंगव्वा पाणी पाणी करायची. "तापाची तहान," असं म्हणत चनमल्लप्पा तांब्या भरून ठेवायचा.

रविवारी ऋतुजा घरी होती. सूप वाटीत काढताना तिनं डावाला बोट लावून चाटलं.

"अगं बाई! मामा, मीठ किती घातलंय?"

"रोजच्यासारखं."

तिनं चमचा भरून त्याच्यापुढं धरला. नैवेद्य कसला दाखवायचा होता इथं? चनमल्लप्पानं तो तोंडात घेतला. गिळवेना. मोरीत जाऊन थुंकून आला आणि खाटेपाशी उभा राहिला.

"रोज असंच व्हतं?"

गंगव्वा भिंतीकडं बघत म्हणाली, "व्हय."

"आन् तू छान म्हनत व्हतीस?"

"सवय."

"कसली सवय?"

"डब्याची. दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा की तुमचा डबा. उन्हाळ्यात आमटीला फेस आलेला. भाताला तार सुटलेली. तुमी उंबऱ्यातच विचारायचा, कसं झालंय."

"मग सांगायचंस की!"

"एकदा सांगितलं व्हतं. शिवपुत्र पोटात व्हता तवा. तुमी डबा अंगणात भिरकावला आन् दोन दिस बोलला न्हाय."

बार्शीच्या व्यापाऱ्याच्या टोपीचा रंग चनमल्लप्पाला आठवत होता, पानावरच्या कोशिंबिरी आठवत होत्या. हे मात्र काही केल्या आठवेना.

"ओतून टाका ते," ऋतुजा म्हणाली. "प्रेशर कुकरला दुसरं लावते, वीस मिनिटांत होईल."

"न्हाय. ह्याच मडक्यात. मीच करतो."

त्यानं भांडं घासलं, नवे बटाटे सोलले. ऋतुजानं लवकर शिजावं म्हणून बटन 'हाय'वर, म्हणजे जास्त आचेवर केलं आणि सासूला तोवर मऊ भात भरवला. चनमल्लप्पा पाटावरून हलला नाही. झाकण उघडलं नाही. एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी पाचला त्यानं सूप घोटलं, चमच्यानं मोजून मीठ घातलं आणि चाखलं. थांबून पुन्हा चाखलं. बरोबर होतं.

वाफाळती वाटी दोन्ही हातांत धरून तो आत गेला.

"घे. चाखून आनलंय."

गंगव्वानं वाफेकडं बघितलं. तिचा हात पांघरुणातून बाहेर आला नाही.

"साकु," ती कानडीत पुटपुटली. पुरे. मग म्हणाली, "ठेवा झाकून. गार झालं की खाते."

"ऊन ऊन खा की. एकदा तरी."

"ऊन न्हाय सोसत आता. गारच गोड लागतं मला. चाळीस वर्षं झाली की."

चनमल्लप्पानं वाटीवर ताटली ठेवली. वाटीचा चटका त्याच्या बोटांना जाणवत नव्हता, म्हणून वाटी कधी गार होईल हेही त्याला कळणार नव्हतं. त्यानं ऋतुजाला हाक मारली आणि म्हणाला, "पोरी, अधनंमधनं ह्येला जरा हात लावून बघ."