सार्डिनचं सुतक

युरोपातल्या सार्डिनच्या धंद्यासाठी मनापासून झुरणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच होता, आणि तो आमच्या नशिबी साडू म्हणून आला होता. न्यू जर्सीतल्या एका आयात कंपनीत ते डबाबंद मासळीची खरेदी बघत. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचे कारखाने त्यांना चुलत-मावस भावंडांसारखे पाठ. ऐंशीच्या दशकात ते कारखाने एकामागून एक बंद पडायला लागले आणि साडूंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते गेलंच. कुणाकडे जेवायला गेले तरी हेच पुराण. डिझेल महागलं, होड्या म्हाताऱ्या झाल्या, मोरोक्कोवाले स्वस्तात डबे देतात, आणि अमेरिकन माणूस ट्यूनाखेरीज दुसऱ्या माशाला ओळखच देत नाही. आम्ही शाकाहारी माणसं, पुढ्यात वरणभात घेऊन हे ऐकायचं. "पोर्तुगाल युरोपच्या कॉमन मार्केटमध्ये गेला की सुधारेल सगळं," मी एकदा धीर द्यायला म्हणालो. "सुधारेल ना," ते म्हणाले, "जुन्या होड्या मोडीत काढायला मदत मिळेल."

कारखाना बंद झाल्याचं पत्र आलं की साडू डोक्यावरून आंघोळ करत. लांबचं कुणी गेल्याचं कळल्यावर करतात ना, तशी. एका जानेवारीत तीन पत्रं आली आणि ते सर्दीने आडवे झाले. गणपतीत तर कहरच. मंडळाच्या आरतीला ओल्या केसांनी आले, लांब दाराशी उभे राहिले, प्रसादाला हात लावेनात. इंडियाहून फोन आला असणार म्हणून एका काकूंनी डोळेही पुसले. "कोण गेलं, काका?" कुणीतरी हळूच विचारलं. "सेतूबलचा जुना कारखाना," साडू म्हणाले. मेहुणीने त्यांना गाडीत नेऊन बसवलं. "यांना कुणीतरी ट्यूनामध्ये ट्रान्सफर करा यार," ती मला म्हणाली, "मी सुटेन."

त्यांचा जीव अडकला होता तो एका लहानशा कारखान्यात. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते तिथे आठवडाभर राहिले होते. होड्या आल्या की भोंगा व्हायचा आणि गावातल्या बायका हातातलं काम टाकून डबे भरायला धावायच्या. त्या भोंग्याचं वर्णन करताना साडू पुढ्यातलं जेवण विसरायचे. दरवर्षी बॉसशी भांडून ते त्या कारखान्याची ऑर्डर टिकवत. शेवटी तोही बंद पडला.

मी भेटायला गेलो तर किचन टेबलाशी नुसते बसून होते. "ऑर्डर मीच कॅन्सल केली," म्हणाले. "बॉसने सांगितलं, मी टाइप केलं, सही केली. त्यांना तेवढी एकच ऑर्डर होती." इतकी वर्षं ज्या माणसाची मी टिंगल केली, त्याच्याकडे त्या दिवशी मला बघवेना.

मग त्यांनी विचारलं, "वेंगुर्ल्याला आमच्या घरासमोर तारलीच्या, म्हणजे आपल्याकडच्या सार्डिनच्याच, पाट्या उतरायच्या. अजून येते का हो तारली तिथे?"

मी पुण्याचा, मला काय ठाऊक. पत्र टाकून विचारा की, म्हणालो. त्यांनी कागद घेतला, वर तारीख घातली, आणि पेन हातात धरून बसून राहिले. आई गेल्यापासून वेंगुर्ल्याला पत्र टाकावं असं त्यांचं कुणी उरलं नव्हतं.