मडगार्डावरची अँटेना

जीप सुरू करण्याआधी ते मडगार्डावरची अँटेना टोकापर्यंत ओढायचे, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायचे आणि आत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "हिला कुणी हात लावला तर त्येचं मनगट जागेवर ऱ्हायचं न्हाय." नवा प्रवासी हसायचा. आम्ही रोजचे हसत नव्हतो.

कळंब-येरमाळा काळी-पिवळी चालवणारे हे गृहस्थ. नाव सांगत नाही, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मी येरमाळ्याच्या एका दवाखान्यात नर्स. सकाळी त्यांच्याच जीपनं जायचं, संध्याकाळी त्यांच्याच जीपनं परतायचं आणि मधल्या वेळात त्यांनी फोडलेल्या माणसांची मलमपट्टी करायची, असा माझा दिनक्रम होता. नाकातून रक्त गळणारा कुणी आला की आमचे डॉक्टर विचारायचे, "अण्णांच्या जीपमधून पडलात, का अण्णांच्या हातून?"

तुमच्याही स्टँडवर असा एखादा असेल, ज्याचा हात तोंडाआधी चालतो. अण्णांनी नंबर मोडून पुढं घुसणाऱ्या ड्रायव्हरला मारलं, दाराला लटकणाऱ्याला मारलं. एकदा तर भांडण सोडवायला आलेल्यालाच इतकं मारलं, की ज्याच्याशी भांडण होतं त्यानं येऊन अण्णांना धरलं. मला मात्र पुढची सीट राखलेली असायची. आमची गल्ली एकच. गल्लीच्या तोंडाशी आले की ते हॉर्नवर तळवा दाबून धरायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. फाटक उघडायला घरात कुणी नव्हतं, तरी हॉर्न वाजायचाच.

एक मुलगी होती, बेंबळीला दिलेली. नवरा तिला मारतो असं कळलं तेव्हा अण्णा जीप घेऊन गेले, जावयाला ओट्यावरून खाली ओढलं आणि जीपमधल्या लोखंडी टॉमीनं त्याचा हात मोडला. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या घरापर्यंत गेला म्हणतात. मग मुलीला म्हणाले, "चल, बस गाडीत."

ती बसली नाही. म्हणाली, "अण्णा, तुमच्यात आन् ह्याच्यात फरक काय? मला मारणारा नवरा नको आन् मारणारा बापबी नको." तशीच एसटीनं धाराशिवला गेली. तिथं खोली घेतली, पुढं रेडिओवर बोलायचं काम मिळवलं आणि बापाचा नंबर मोबाइलवर बंद करून टाकला. हे मला अण्णांनीच सांगितलं, आणि सांगताना लेकीच्या बोलण्याचा अर्थ त्यांना जराही लागलेला नव्हता. "म्या तिच्यासाठीच मारलं न्हवं, बाई?" असं ते मलाच विचारायचे.

संध्याकाळी ती रेडिओवर यायची. पाऊसपाणी सांगायची, बाजारभाव सांगायची, बायकांच्या अडचणींवर बोलायची. आमच्या रस्त्यावर ते स्टेशन जेमतेम लागायचं. अँटेना पुरती वर असली तर येरमाळ्यापासून उतार लागेपर्यंत आवाज टिकायचा, पुढं विरून जायचा. तेवढ्या वेळात जीपमध्ये खोकायचीही चोरी. कुणीतरी म्हटलं, मोबाइलवर ऐका की अण्णा. तर म्हणाले, "मोबाइलवर तिनं मला बंद केलंय. तिथं कशाला जाऊ? हितं तिनं दार उघडं ठेवलंय." बापाला लेकीचा आवाज मिळण्याची ती एकच वाट होती, आणि ती मडगार्डावर उभी होती.

एका संध्याकाळी मागं एक परका माणूस बसला होता. रेडिओ ऐकता ऐकता म्हणाला, "काय गोड आवाज हाय राव पोरीचा. बघायला कशी आसंल?"

अण्णांनी इंडिकेटर दिला, जीप रीतसर कडेला घेतली, खाली उतरले आणि त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. पहिल्याच ठोशात त्याचा ओठ फाटला. पोटात गुडघा बसला तसा तो कोलमडला आणि पडता पडता हाताला लागेल ते धरायला गेला. हाताला अँटेना लागली. ती बुडातून काडकन तुटली. अण्णा क्षणभर त्या खुंटाकडं बघत राहिले, मग त्याच्या मुठीतली तुटकी काडी हिसकावून त्यांनी त्याच काडीनं त्याला झोडपायला सुरुवात केली. शर्ट फाटला, पाठीवर रक्ताच्या रेघा उठल्या. तो नुसता "काय केलं मी? काय केलं मी?" म्हणून ओरडत होता. मी अण्णांचा दंड धरला. त्यांचं कोपर फिरलं ते माझ्या हनुवटीवर बसलं आणि माझाच दात माझ्या ओठात रुतला. माझ्या पदरावर रक्त दिसलं तेव्हा कुठं ते थांबले.

"बाई, तुमी मदी कशाला आल्या?" ते म्हणाले. मला इतका संताप आला की मी त्यांना बाजूला सारून पडलेल्याला उठवायला गेले. त्या माणसाला आपण मार का खाल्ला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

नवी अँटेना बसवायला हायवेवर स्टँडसमोरच्या मिस्त्रीचाचांना बोलावलं. पांढरी दाढी, हलका हात, गाड्यांच्या वायरिंगमध्येच म्हातारा झालेला माणूस. येरमाळ्याच्या देवीच्या चैत्री यात्रेसाठी अण्णांनी जीप नुकतीच रंगवून घेतली होती. मडगार्ड तर आरशासारखं. चाचांनी जुना खुंट काढला आणि भोकाभोवती कानस लावली, तशी अण्णांनी त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून ग्रीसमध्ये पडला.

"नव्या रंगाला कानस लावतो व्हय?"

चाचांनी चष्मा उचलला, पुसला. "खालचं लोखंड उघडं करावं लागतं, अण्णा. न्हायतर अँटेनाला अर्थिंग भेटत न्हाय."

"रंगाला हात लावायचा न्हाय."

"ठीक आहे. रंगावरच बसवतो. आता रंगच ऐका." नट आवळून चाचा निघून गेले, मागं वळूनही पाहिलं नाही.

नवी अँटेना जुनीपेक्षा उंच होती, चकचकीत होती, आणि तिच्यातून खरखरीशिवाय काही येत नव्हतं. ॲक्सिलेटर दाबला की इंजिनची शिट्टी रेडिओत घुसायची. मुलीचा एखादा शब्द वर यायचा आणि बुडायचा. अण्णा भर रस्त्यात इंजिन बंद करून कान लावून बसायचे. मागून ट्रकवाले शिव्या द्यायचे, मग अण्णा खाली उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मला एक पेशंट वाढायचा. यात्रेत देवीच्या वाटेवर लोक आई राजा उदो उदो करत प्रथेप्रमाणे चुनखडीचे खडे वेचत होते आणि हा माणूस गर्दीत एकाच्या नरड्याला धरून उभा होता, कारण काय तर त्यानं झेंडा अँटेनाला टेकवला. शेवटी त्यांनी रेडिओवरच बुक्की घातली. काच फुटली, बोटं फाटली.

मी त्यांच्या बोटांतून काचा काढत होते. ते म्हणाले, "बाई, लई दिस झालं, तिचा आवाज आला न्हाय."

"मग चाचांकडं जा. माफी मागा."

"म्या? माफी?"

"मारायला हात पुढं जातो ना? मग जोडायलाही जाऊ दे," मी म्हटलं आणि टाका जरा जोरातच ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवासी जीपमध्ये बसलेले असताना अण्णा चाचांच्या दुकानापुढं जाऊन उभे राहिले. माफीचा शब्द त्यांना येतच नव्हता. गाल पुढं करून म्हणाले, "मारा."

"मारून खरखर जाते व्हय?" चाचांनी कानस त्यांच्या पट्टी बांधलेल्या हातात दिली. "तुमीच खरवडा."

साऱ्या स्टँडसमोर अण्णांनी आपल्या हातानं आपला नवा रंग खरवडला, खाली लोखंड चमकेपर्यंत. चाचांनी त्यावर अँटेना बसवली, फुटकी काच काढून टाकली आणि रेडिओ लावून दिला.

त्या संध्याकाळी येरमाळा सोडलं आणि आवाज असा आला, की ती माझ्या शेजारीच बसून बोलतेय असं वाटलं. अण्णांचा चेहरा उजळला. त्या दिवशी विषय घरातल्या मारहाणीचा होता. ती सांगत होती, "मी लहान असताना संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजायचा. हॉर्न ऐकला की आई हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवायची आणि मी खाटेखाली जायचे. आजही असा हॉर्न वाजला की माझे हात गार पडतात."

एक अक्षर तुटलं नाही. मी अण्णांकडं बघू शकले नाही.

मागून एक म्हातारी म्हणाली, "आसल्या बापाला भर चौकात फोडाया पायजे."

अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. जीप चालत राहिली. उतार लागल्यावर ते म्हणाले, "व्हय, मावशी. फोडायाच पायजे."

गल्लीच्या तोंडाशी त्यांचा तळवा हॉर्नवर गेला आणि तिथून मागं आला. ते उतरले आणि फाटक वाजू नये म्हणून उचलून धरून त्यांनी ते उघडलं.

त्यानंतर आमच्या दवाखान्यात त्यांचा पेशंट आला नाही. रेडिओ ते रोज ऐकत. पावसाळा संपता संपता एका पहाटे ते झोपेतच गेले. मुलगी आली. सगळं उरकल्यावर ती जीपमध्ये जाऊन बसली आणि तिनं हॉर्नवर हात दाबला. वाजला नाही. पुन्हा दाबला.

"वायर काढलीय, बेटी," चाचा म्हणाले. "त्यांनीच काढायला लावली."

"कधी?"

"तू हॉर्नचं बोललीस ना रेडिओवर, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती माझ्याकडं वळली. "ऐकत होते?"

"रोज," मी म्हटलं.

"मग सांगितलं का नाही कुणाकडून?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

तिनं विचार केला आणि खरं ते सांगितलं. "नाही."

मग ती खाली उतरली. मडगार्डावर अँटेनाच्या बुडाशी रंग गेलेली ती जागा पावसानं गंजली होती. तिथं अंगठा ठेवून ती बराच वेळ उभी राहिली, आणि हात लावू नको म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.